मे महिन्यातली मंडळी

जयसिंगपूर, मिरज, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या बहुतेक लहान आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. त्यातला मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे आणि अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) आहे. देशावरच्या बाजारपेठेच्या गावात मंडळी म्हणजे वीस-पंचवीस घरे, कधी त्याहूनही कमी. अशा मंडळीत चार कुटुंबे गावाला गेली की रविवारची उपासना रिकामी वाटू लागते आणि दोन घरी नातवंडे आली की पुढची सतरंजी भरून जाते. म्हणून लहान मंडळीच्या वर्षात मे महिन्याला वेगळे स्थान आहे. शाळा बंद असतात, मुले घरी असतात आणि त्यांच्या दिवसाचे काय करायचे हा प्रश्न एकेका घराचा न राहता सगळ्यांचा होतो.

जयसिंगपूर हे मुळातच आखून वसवलेले गाव. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे बाजारपेठ उभी केली आणि तिला आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. सरळ रेषेतल्या गल्ल्या आणि त्यांना क्रमांक, त्यामुळे आजही पत्ता सांगताना सातवी गल्ली, नववी गल्ली असेच सांगतात. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग 1891 मध्ये सुरू झाला. कोल्हापूरकडून येताना मिरजेच्या अगदी अलीकडचे स्थानक जयसिंगपूरचे. भोवती शिरोळ तालुक्याचा उसाचा मुलूख, पलीकडे कृष्णा, उदगाव आणि अंकलीचा पूल. गाळप हंगाम संपून ऊसतोडीच्या टोळ्या परत गेल्या की शिवार मोकळे दिसू लागते. पारा अडतीस-चाळीसपर्यंत जातो आणि एखाद्या दुपारी अचानक वळवाची सर येऊन अंगणातले वाळवण भिजवून जाते.

या भागातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास कोल्हापुरापासून सुरू होतो. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापूरला आले. पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली अशी त्याची ठाणी झाली. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये या भागात आले आणि 1894 मध्ये मिरजेचे मिशन रुग्णालय उभे राहिले. त्या रुग्णालयाने केवळ रोगी बरे केले असे नाही. परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक आणि पाळक अशा नोकऱ्यांवर उभी राहिलेली ख्रिस्ती कुटुंबांची एक सबंध पिढी त्याच्या आसपास वाढली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली, त्यांत 1915 चे इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते.

उन्हाळा मात्र त्या काळी दोन प्रकारचा होता. मिशनरी कुटुंबे मुलाबाळांसह पन्हाळा किंवा महाबळेश्वर गाठत. 1901 मध्ये कोडाईकनालला शाळा निघाल्यावर अनेकांची मुले तिकडेच राहू लागली. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांना थंड हवेचे ठिकाण नव्हते. त्यांची मुले मिशन कंपाउंडमधल्या चिंचेखाली आणि लिंबाखाली खेळली, आई रुग्णालयात पाळीवर गेली की शेजारच्या घरी जेवली. एकाच्या घरचे मूल दुसऱ्याच्या घरी वाढण्याची सवय तिथे लागली आणि ती कंपाउंडच्या बाहेर राहायला गेलेल्या कुटुंबांनीही सोडली नाही. आजच्या लहान मंडळीची उन्हाळ्यातली रीत समजून घ्यायची तर ही सवय ध्यानात ठेवावी लागते.

उन्हाळी सुट्टीत भरणारी बायबल शाळा हा या रीतीचा सर्वांत ठळक भाग. घरोघरी तिला नुसते व्हीबीएस म्हणतात. तिचा उगम न्यूयॉर्कचा आहे. 1898 मध्ये श्रीमती हॉज यांनी तिथे सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी रोजची बायबल शाळा काढली. जागा मिळेना म्हणून त्यांनी बिअरच्या गुत्त्याची खोली भाड्याने घेतली होती. 1901 पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी अशा शाळांची चळवळ केली. त्याही आधी, 1780 च्या सुमारास, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली होती, कारण तिथली गरीब मुले आठवड्याचे सहा दिवस कामाला जुंपलेली असत. ही शब्बाथ शाळा भारतात चांगलीच रुजली आणि 1876 मध्ये इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. दोन्ही शाळांच्या मुळाशी एकच अडचण होती. आईबाप कामावर आणि मुलांकडे बघायला कोणी नाही. जयसिंगपूर-इचलकरंजी भागात आई सूतगिरणीत, दुकानात किंवा शेतावर आणि वडील पाळीवर, अशा घरांत ती अडचण आजही तशीच आहे. त्यामुळे सकाळचे तीन तास मुले सुरक्षित जागी, ओळखीच्या माणसांजवळ आहेत, हीच गोष्ट अनेक आयांना मोठी वाटते, आणि त्यांचे बरोबरच आहे.

शाळा साधारण पाच ते दहा दिवस चालते. उन्हाच्या भागात ती सकाळी आठच्या आत सुरू करावी लागते, कारण अकरानंतर लहान मुलांना घरी सोडणेही कठीण होते. आदल्या संध्याकाळी तरुण मंडळी चर्चच्या खुर्च्या एका बाजूला लावून फरशी धुऊन काढतात. सकाळी दाराशी वही घेऊन एक ताई बसते. मुलाचे नाव, वय आणि घरच्यांचा फोन क्रमांक लिहून घेते आणि परत न्यायला कोण येणार तेही विचारते. आत आधी गाणी होतात. हातवारे करून म्हणायच्या कृतिगीतांना ढोलकी आणि पेटी असली की तीन वर्षांचे मूलही उभे राहून नाचू लागते. मग वर्ग पडतात. शिशुवर्ग सतरंजीवर, बालवर्ग बाजूच्या खोलीत आणि मोठ्या मुलांचा वर्ग व्हरांड्यात किंवा झाडाखाली. गोष्ट, पाठांतराचे वचन, चित्र रंगवणे, कागदाची नौका किंवा मेंढरू. मध्ये ताक किंवा पन्हे आणि सोबत चुरमुरे. स्वयंपाकघर महिला मंडळाकडे असते आणि बहुतेकदा तिथला कारभार वर्गापेक्षा शिस्तीचा असतो.

लहान मंडळीत वयाप्रमाणे वर्ग भरवणे हेच मोठे कोडे असते. चार वर्षांची दोन, सात वर्षांची तीन आणि बारा वर्षांचा एकच मुलगा, अशी संख्या असेल तर छापील पुस्तकातला धडा जसाच्या तसा चालत नाही. मग त्या एकट्या मोठ्या मुलाला मदतनीस करतात. तो हजेरी घेतो, रंगखडू वाटतो, धाकट्यांना हात धुवायला नेतो. दोन-तीन वर्षांत तोच शिशुवर्ग सांभाळू लागतो. मोठ्या शहरातल्या मंडळीत जे काम पगारी माणूस करतो, ते इथे तेरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येते. लहान मंडळी मुलांना जे देऊ शकते त्यात हे सर्वांत मोलाचे मानावे लागेल. तिथे मुलाला नुसते बसून राहायला वेळच मिळत नाही. वचन वाचायला, दानाची पिशवी फिरवायला, पेटीचा भाता धरायला कोणीतरी हवेच असते.

गल्लीतली इतर धर्मांची मुलेही गाण्यांच्या आणि खेळांच्या ओढीने येतात. शेजारधर्म म्हणून ते स्वाभाविक आहे, पण त्यांच्या आईवडिलांना शाळेत काय शिकवले जाते हे आधी स्पष्ट सांगणे आणि त्यांची संमती घेणे आवश्यक असते. दार उघडे ठेवणे आणि पालकांना केव्हाही आत येऊन बसू देणे, याने शंका उरत नाही. मुलांच्या सुरक्षिततेबाबतही हाच नियम लागू पडतो. कोणत्याही वर्गात किमान दोन मोठी माणसे असावीत, एकाच मोठ्या माणसाबरोबर मूल बंद खोलीत असू नये. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा 2012 मध्ये झाल्यापासून ही काळजी कायद्याच्या नजरेतूनही महत्त्वाची झाली आहे. सगळेच एकमेकांना ओळखतात म्हणून नियम नकोत, असे लहान मंडळीत सहज वाटते. ओळखीच्या भरवशावर सोडण्याची ही गोष्ट नव्हे.

शेवटच्या दिवशी किंवा पुढच्या रविवारी मुलांचा कार्यक्रम होतो. पाठांतर स्पर्धा, नाटुकले, गाणी. आजोबा-आजी पुढच्या रांगेत असतात. मराठी मंडळ्यांत उपासना संगीत हे गीतांचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्यात नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या भजनांचा वाटा मोठा आहे. कृतिगीते नवी असतात आणि दर वर्षी बदलतात. टिळकांची भजने मुले शाळेत क्वचितच शिकतात. ती रात्रीच्या घरच्या प्रार्थनेत आजीच्या आवाजावरून उचलतात. मराठी ख्रिस्ती मुलांसाठी 1873 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने बालबोधमेवा हे मासिक काढले होते. आज मुलांसाठी अशा मराठी वाचनाची चणचण आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांना मराठी शास्त्रभाग वाचताना अडखळायला होते. सुट्टीत आजीजवळ बसून रोज एक अध्याय मोठ्याने वाचण्याची जुनी पद्धत त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. अर्थात त्यासाठी नातवंडांनी आजोळी पंधरा दिवस तरी राहायला हवे.

आजोळचा मे महिना धर्माधर्माने फारसा वेगळा होत नाही. गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे. गव्हाचा चीक शिजत असताना त्याची वाटी मिळावी म्हणून मुले चुलीभोवती घुटमळतात. वर्षाची कांदा-लसूण चटणी याच दिवसांत होते आणि मिरची कुटून आणल्यावर घरभर ठसका लागतो. वाळवण राखायला मुलांना काठी देऊन बसवतात. पाच घरच्या बायका एकीच्या गच्चीवर जमतात, हातावर काम असते आणि बोलणे मंडळीचे चालू असते. कोण आजारी आहे, कोणाचे लग्न ठरले, पाळकीणबाई माहेराहून कधी येणार. भेटी आणि प्रार्थना यांची अर्धी व्यवस्था या गच्चीवरच ठरते. लग्नेही याच महिन्यात. हळद, मांडव, मग चर्चमध्ये विधी आणि मंडळीतल्या प्रत्येक घराकडे काही ना काही काम.

सणांच्या दृष्टीनेही हा काळ रिकामा नसतो. पुनरुत्थानाचा सण 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कोणत्याही रविवारी येतो. त्यावरून मोजलेला स्वर्गारोहणाचा गुरुवार 30 एप्रिल ते 3 जून आणि पेंटेकॉस्टचा रविवार 10 मे ते 13 जून या मर्यादेत पडतो. म्हणजे पेंटेकॉस्ट बहुतेक वर्षी शाळेच्या सुट्टीत असतो. नाताळ आणि उत्तम शुक्रवार यांच्याइतकी गर्दी त्याला होत नाही, परंतु पवित्र आत्म्याच्या आगमनाची ही गोष्ट मुलांना समजावून सांगायला याहून चांगली वेळ वर्षात नाही, कारण मुले हाताशी असतात. बऱ्याच मंडळ्या याच सुमारास सहल काढतात. पन्हाळा किंवा मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर ही त्यासाठी सोयीची ठिकाणे. डबे घरचेच असतात आणि ते एकत्र मांडून खाल्ले जातात.

तान्ह्या आणि रांगत्या मुलांचे काय, हा प्रश्न उपासनेत दर रविवारी येतो. उन्हाळ्यात तो अधिक जाणवतो. वीज गेली की पंखे थांबतात, उपदेश चालू असतो आणि मूल किरकिरू लागते. अनेक मंडळ्यांत आजही स्त्रिया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, त्यामुळे मूल आईकडून आत्याकडे, आत्याकडून मागच्या बाकावरच्या आजीकडे असे हातोहात फिरते आणि शेवटी दाराबाहेरच्या सावलीत शांत होते. आईला मात्र उपदेश ऐकता येतो. काही मंडळ्या मे महिन्यापुरती उपासनेची वेळ सकाळी लवकर ठेवतात. मुले आणि म्हातारी माणसे दोघांनाही ते सोसते. दारात पाण्याचा माठ आणि एखाद्या घरी मीठ-साखरेचे पाणी तयार असणे ही साधी खबरदारीही उपयोगी पडते.

हे सगळे केवळ चांगुलपणातून होते असे नाही. प्रेस्बिटेरियन परंपरेत, तसेच 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत, बालकांचा बाप्तिस्मा होतो. त्या वेळी आईवडिलांबरोबर सगळी मंडळी उभी राहून या मुलाला वाढवण्यात साहाय्य करू असे वचन देते. इतर पंथांत बाप्तिस्मा मोठेपणी असतो आणि तान्ह्या मुलाचे समर्पण करतात, पण तिथेही मंडळीवर जबाबदारी येतेच. विधीच्या दिवशी हे वचन उभ्या उभ्या दिले जाते. मे महिन्यात त्याची परतफेड करावी लागते, तीही सकाळी आठ वाजता, ताकाचे पातेले उचलून.

अडचणी खऱ्या आहेत. शिकलेली तरुण मुले-मुली पुण्या-मुंबईला नोकरीला जातात आणि शब्बाथ शाळेचे शिक्षक दर दोन-तीन वर्षांनी नव्याने घडवावे लागतात. पाळकाची बदली झाली की चालू काम थंडावते. गावात दोन-तीन पंथांच्या लहान मंडळ्या असतील तर तिघींनी तीन शाळा भरवण्यापेक्षा एकत्र येऊन एक भरवणे शहाणपणाचे ठरते. ते नेहमी जमत नाही. जिथे जमते तिथे बारा वर्षांच्या त्या एकट्या मुलाला बरोबरीचे सोबती मिळतात आणि शिशुवर्गाला शिक्षक पुरतात.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. नातवंडे परत जातात, वाळवण डब्यांत भरले जाते, पावसाची पहिली झड येऊन गेलेली असते. त्या आठवड्यात शब्बाथ शाळेचे वर्ग नव्याने लावले जातात, वर गेलेल्या मुलांची नावे दुसऱ्या वहीत उतरवतात, व्हीबीएसला आलेल्या पण मंडळीत नसलेल्या घरी एखादी फेरी होते. ज्यांना शाळेचा खर्च जड जातो त्यांच्यासाठी वह्या-दप्तरांची वर्गणीही याच सुमारास जमा करतात.