शिक्षणकर्जाची वाट – लेखांक ९ : वडिलांची बाकी आणि मुलाचा अर्ज

शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेच्या शाखेत पोहोचला की तपासणी एकट्या विद्यार्थ्याची होत नाही, तर त्याच्यासोबत सहकर्जदार म्हणून, म्हणजे परतफेडीची तितकीच जबाबदारी घेऊन सही करणाऱ्या पालकाचीही होते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा पालक बहुधा कोरडवाहू शेतकरी असतो, त्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा असतो, आणि सोयाबीनचा एखादा हंगाम अतिवृष्टीने किंवा पडलेल्या भावाने हातचा गेला की ते कर्ज थकते. अशा घरातील मुलगा अभियांत्रिकीच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना उरलेल्या शुल्कासाठी बँकेत जातो, तेव्हा त्याच्या गुणपत्रिकेआधी वडिलांच्या थकबाकीची चौकशी होते आणि पुष्कळदा अर्ज न घेताच त्याला परत पाठवले जाते.

मागील लेखांकाच्या अखेरीस राज्यातील महामंडळांच्या व्याज परतावा योजनांचे विवेचन जाहीर केले होते. ते पुढील आठवड्यावर ढकलले आहे. मुखेड आणि अहमदपूर या दोन तालुक्यांतील वाचकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे: वडिलांचे पीककर्ज थकीत असेल, तर मुलाला शैक्षणिक कर्ज मिळण्याचा मार्ग कायमचा बंद होतो काय? व्याजाचा परतावा मुळात कर्ज मंजूर झालेल्यांनाच मिळतो, म्हणून हा प्रश्न आधी सोडवणे क्रमप्राप्त ठरते.

उत्तर नकारार्थी आहे. मार्ग बंद होत नाही. मात्र शाखेतील बोलण्यात ज्या तीन गोष्टींची सरमिसळ होते, त्या प्रथम वेगळ्या करायला हव्यात. पहिली गोष्ट बेबाकी प्रमाणपत्राची. गावातील सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि परिसरातील इतर बँका यांचे आपल्याकडे काही देणे नाही, असा हा दाखला असून पीककर्जाच्या वेळी तो मागण्याची जुनी पद्धत आहे. दुसरी गोष्ट अनुत्पादित खात्याची. कमी मुदतीच्या पिकांसाठी घेतलेले कर्ज दोन हंगाम थकले, तर रिझर्व्ह बँकेच्या निकषानुसार ते खाते अनुत्पादित ठरते. त्यामुळे एखाद-दुसऱ्या महिन्याचा उशीर आणि अनुत्पादित खाते यांत पुष्कळ अंतर असते. तिसरी गोष्ट पतअहवालाची, ज्याला सर्वत्र ‘सिबिल’ म्हटले जाते. प्रत्यक्षात असा अहवाल तयार करणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत आणि सिबिल ही त्यांतील एक. या तिन्ही गोष्टींसाठी नियम वेगवेगळे आहेत, आणि विद्यार्थ्याला मिळालेला नकार नेमका कोणत्या कारणाचा आहे हे कळल्याखेरीज पुढचे पाऊल टाकता येत नाही.

बँकांची मानसिकता समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. केंद्र सरकारने १९६३ साली राष्ट्रीय ऋण शिष्यवृत्ती योजना सुरू केली, तेव्हा विद्यार्थ्याला मिळणारी रक्कम खरोखरच सरकारी तिजोरीतून येत असे, तिच्यावर व्याज नसे, आणि पुढे शिक्षकी पेशात गेलेल्यांना सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक कर्जाचा काही भाग माफ होत असे. वसुली फारच अल्प राहिल्याने ती योजना कालांतराने बंद पडली. २००१ साली भारतीय बँक संघाने आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आखली आणि तेव्हापासून पैसा बँकेचा, तर सरकारचा हात व्याजाला आणि हमीला, अशी विभागणी रूढ झाली. ज्याला लोक सरकारी कर्ज म्हणतात ते आज मुख्यतः बँकेतील ठेवीदारांच्या पैशातून दिले जाते, म्हणून पीककर्जाप्रमाणे पुढे केव्हातरी माफी होईल या भरवशावर ते घेणे धोक्याचे आहे.

या आदर्श योजनेत विद्यार्थ्याच्या बाजूच्या काही तरतुदी इतक्या स्पष्ट आहेत की त्या मराठवाड्यातील प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावल्या जाव्यात. कर्जाचा विचार करण्याची पूर्वअट म्हणून बेबाकी प्रमाणपत्राचा आग्रह धरण्याची गरज नाही. इतर बँकांतील कर्जाविषयीचे घोषणापत्र किंवा शपथपत्र घेऊन काम भागवता येते. मूल्यमापन करताना विद्यार्थ्याच्या भावी उत्पन्नाची शक्यता पाहायची असून पालकांच्या ऐपतीचा विचार आवश्यक तेथेच करायचा आहे. अर्ज साधारणतः पंधरा दिवस ते एक महिना या मुदतीत निकाली काढायचा आहे. नकार द्यायचा झाल्यास तो शाखेने परस्पर न देता वरिष्ठ अधिकाऱ्याच्या संमतीने आणि कारण नमूद करून द्यायचा आहे. योजना आदर्श नमुन्याच्या स्वरूपाची असल्याने प्रत्येक बँक ती आपल्या संचालक मंडळाच्या मान्यतेने थोड्याफार फरकाने स्वीकारते, हे खरे. तथापि सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या योजना याच चौकटीवर उभ्या आहेत.

न्यायालयांपुढेही हा विषय गेला आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की, पालकांचा पतगुणांक समाधानकारक नाही एवढ्याच कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही, कारण निर्णायक कसोटी विद्यार्थ्याच्या शिक्षणोत्तर परतफेडीच्या क्षमतेची आहे; २०२३ साली त्याच न्यायालयाने खुद्द विद्यार्थ्याचा पतगुणांक कमी असतानाही कर्ज देण्यास सांगितले. हे निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, परंतु विभागीय कार्यालयाकडे पाठवायच्या अर्जात त्यांचा उल्लेख करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात पतअहवालापासून करावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वडिलांचा आणि आईचा, असे दोन्ही अहवाल कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वीच काढून घ्यावेत, कारण त्यांत घरच्यांना माहीत नसलेल्या किंवा विस्मरणात गेलेल्या नोंदी आढळतात. शेजाऱ्याच्या किंवा भावकीतील कोणाच्या कर्जाला वडील जामीनदार राहिलेले असतील आणि ते कर्ज थकले असेल, तर त्याचा डाग वडिलांच्या अहवालावरही पडतो. आईने गटामार्फत सूक्ष्मवित्त संस्थेकडून घेतलेले कर्जही नोंदले जाते. बँकांची नावे बदलल्याने आणखी एक घोळ होतो. हैदराबाद संस्थानाच्या काळात १९४१ साली स्थापन झालेली आणि मराठवाड्यात घरोघर परिचित असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, तर नांदेड येथे मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक २००९ साली महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली. त्यामुळे जुन्या नावाने घेतलेले कर्ज अहवालात नव्या नावाखाली दिसते आणि घोषणापत्रात ते राहून गेल्यास माहिती दडवल्याचा आक्षेप येऊ शकतो.

कर्जमाफीच्या नोंदी हा सर्वांत महत्त्वाचा भाग. २०१७ सालच्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि त्याहून अधिक थकबाकी असणाऱ्यांना वरची रक्कम भरून एकरकमी तडजोडीचा मार्ग खुला झाला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची मर्यादा दोन लाख रुपयांची होती. सरकारने रक्कम भरली, शेतकऱ्याच्या दृष्टीने विषय संपला, परंतु कर्ज देणाऱ्या बँकेने खाते बंद झाल्याची माहिती पुढे कशी कळवली यावर अहवालातील शेरा अवलंबून असतो. खाते निरंक होऊनही ते थकीत दिसत असेल, तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला जोडून पतमाहिती कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार नोंदवावी. तीस दिवसांत तक्रारीचे निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. हा महिना हातात ठेवूनच शुल्क भरण्याच्या तारखेचा हिशोब करावा. ऐन परीक्षा अर्जाच्या वेळी ही धावपळ सुरू केली की सत्र हातचे जाते.

थकबाकी खरोखरच असेल, तर दोन गोष्टी करता येतात. पहिली म्हणजे ३१ मार्चपूर्वी पीककर्जाचे नवे-जुने करून घेणे, अर्थात जुनी रक्कम भरून त्याच खात्यावर नव्या हंगामाचे कर्ज उचलणे. त्यामुळे खाते नियमित राहते आणि जून-जुलैत शैक्षणिक कर्जाचा अर्ज करताना आडकाठी उरत नाही. दुसरी म्हणजे सहकर्जदार बदलणे. आई, नोकरीला असलेला थोरला भाऊ, आजोबा किंवा विवाहित विद्यार्थिनीच्या बाबतीत पती अथवा सासू-सासरे यांना सहकर्जदार म्हणून पुढे करता येते, आणि बँकेने ते स्वीकारावे यासाठी त्या व्यक्तीचे उत्पन्न आणि विद्यार्थ्याशी असलेले नाते दाखवणारी कागदपत्रे सोबत द्यावीत. वडिलांचे नाव अर्जातून वगळले म्हणून त्यांचे उत्पन्न वगळता येत नाही, कारण व्याज अनुदानासाठी लागणारा तहसीलदारांचा दाखला संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो.

तारणाचा मुद्दाही शेतकरी कुटुंबाला नेहमी अडवतो. शेतजमिनीवरील तारणहक्क सरफेसी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला असल्याने बँकेला न्यायालयाबाहेर जलद वसुली करता येत नाही, म्हणून पाच एकर जमीन असूनही ती तारण म्हणून घ्यायला शाखा नाखूश असते. परंतु साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण आहे. कर्ज बुडाल्यास थकलेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी हा निधी देतो आणि त्या बदल्यात बँकेने तारण किंवा त्रयस्थ जामीनदार मागायचा नसतो. पदवीची उरलेली दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या बहुतेकांची गरज या मर्यादेच्या आतच असते, त्यामुळे सातबारा मागितला गेल्यास तो कशासाठी, असे नम्रपणे पण ठामपणे विचारावे.

शिक्षण अर्ध्यावर आले असताना अर्ज करणे हे कमीपणाचे नाही. उलट पूर्ण झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिका हा बँकेपुढे ठेवता येणारा सर्वांत बळकट पुरावा आहे. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या आरंभी एकेक लाख रुपये उचलले आणि व्याजदर दहा टक्के धरला. अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या एका वर्षापर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, या काळाला अधिस्थगन काळ म्हणतात, आणि त्यात सरळव्याज आकारले जाते. पहिल्या लाखावर तीन वर्षांचे तीस हजार आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे वीस हजार, असे एकूण पन्नास हजार रुपये व्याज होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम केंद्रीय व्याज अनुदान योजनेत बसत असेल, तर हे व्याज केंद्र सरकार भरते. मात्र त्याच योजनेची एक अट फार कठोर आहे: वैद्यकीय कारणाखेरीज अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास अनुदान मिळत नाही. विषय राहिल्याने वर्ष लांबले, तर आदर्श योजनेत जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ मागता येते. ती वेळेवर आणि लेखी मागावी, न सांगता महाविद्यालय सोडून पुण्याला कामाला निघून जाऊ नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेविषयीही विचारणा झाली आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत ही तिची प्रमुख देणगी. परंतु आरंभी तिच्या यादीत ८६० दर्जेदार संस्थाच होत्या, तर देशात चाळीस हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पाहूनच त्या योजनेची आशा धरावी, आणि नसल्यास वर सांगितलेल्या जुन्या मार्गाने जावे, तो मार्ग आजही खुला आहे.

शाखेने अर्ज तोंडी परतवला, तर तो विद्यालक्ष्मी पोर्टलवर ऑनलाइन भरावा, कारण तेथील अर्जाला क्रमांक मिळतो आणि बँकेला त्यावर नोंद करावीच लागते. गाव शाखेच्या कार्यक्षेत्रात येत नाही, हे कारण पुढे करून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना कळवले आहे. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते, आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकालाही तक्रारीची प्रत द्यावी. महामंडळांच्या व्याज परतावा योजना पुढील लेखांकात येतील. तोपर्यंत वाचकांनी चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आणि आई-वडील दोघांचे पतअहवाल काढून ठेवावेत.