उबवणी आणि वेग : खानदेशातील विद्यार्थी-उद्योजकांपुढील दोन वाटा

जळगाव व धुळे ह्या दोन जिल्ह्यांसाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ अस्तित्वात आले. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, आणि २०१८ मध्ये विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. दरम्यान महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ह्याने विद्यापीठांच्या कर्तव्यांत अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला नवोद्योगांना आश्रय देण्याचे कार्यही घातले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण जाहीर केले. त्यात उद्योगासाठी सत्र किंवा वर्ष सोडण्याची मुभा, उद्योगकार्यास श्रेयांक आणि संस्थेच्या जागेचा व प्रयोगशाळेचा वापर ह्या सवलती सुचविलेल्या आहेत.

दार असे घराजवळच उघडे असता जळगावचा किंवा शिरपूरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कॅलिफोर्नियातील एखाद्या कार्यक्रमाचा अर्ज रात्र जागून का भरतो, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्यास दोन तयार उत्तरे दिली जातात. परदेशाची चमक हे एक, आणि प्रदेशाविषयी तरुणांना आस्था उरली नाही हे दुसरे. ह्या दोन्ही उत्तरांत निवड करणाऱ्याच्या विवेकास जमेस धरलेले नाही. प्रत्यक्षात ही निवड बहुधा हिशेबी असते. तो हिशेब कसा मांडला जातो, कोठे बरोबर ठरतो आणि कोठे चुकतो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. दोन शब्द, दोन संस्था

१९५९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया ह्या गावी एक मोठा कारखाना बंद पडून रिकामा झाला होता. जोसेफ मॅन्कुसो यांनी ती इमारत लहान लहान भागांत पाडून नव्या उद्योगांना भाड्याने दिली, आणि जागेबरोबर कार्यालयीन सोयी व सल्लाही देऊ केला. भाडेकरूंपैकी एक कंपनी कोंबडीची पिले उबविणारी होती. तीवरून थट्टेने त्या सर्व व्यवस्थेलाच 'इन्क्युबेटर' म्हटले जाऊ लागले, आणि पुढे तोच शब्द रूढ झाला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ 'वर पडून राहणे' असा आहे. मराठीतील 'उबविणे' हा शब्द 'ऊब' ह्यापासून आला आहे. एका भाषेने कोंबडीची बैठक पाहिली, दुसरीने तिची उष्णता पाहिली. तथापि दोहोंतही संथपणा व संरक्षण ह्या कल्पना सारख्याच आहेत.

महाराष्ट्रातील विद्यापीठांतून ह्या कार्याच्या विभागास मराठीत 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' असे नाव रूढ झाले आहे. 'इन्क्युबेशन' ह्याच्या जागी येथे 'नवसंशोधन' हा शब्द बसला, आणि ऊब मात्र नावातून गेली. नाव वाचणाऱ्या विद्यार्थ्यास हा संशोधनाचाच आणखी एक विभाग वाटला, तर दोष त्याचा नव्हे.

दुसरी संस्था अलीकडची होय. २००५ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंग्स्टन, रॉबर्ट मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी 'वाय कॉम्बिनेटर' सुरू केले. २००६ मध्ये बोल्डर येथे 'टेकस्टार्स' निघाले. ह्या प्रकारास 'ॲक्सिलरेटर' म्हणजे वेगवर्धक म्हणतात. अनेक नवोद्योगांची एक तुकडी निवडावयाची, तिला थोडे भांडवल देऊन त्या बदल्यात भागभांडवलात हिस्सा घ्यावयाचा, सुमारे तीन महिने कसून काम करवून घ्यावयाचे, आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढे उभे करावयाचे, अशी ही रीत आहे. २०१० मध्ये चिली देशाच्या शासनाने 'स्टार्ट-अप चिली' काढून परदेशी उद्योजकांना कोणताही हिस्सा न घेता सुमारे ४०,००० डॉलर व वर्षभराचे वास्तव्य देऊ केले. जागतिक कार्यक्रम सर्वच खाजगी नसतात, हे त्यावरून लक्षात यावे.

२. विद्यार्थी काय मोजतो

पहिली गोष्ट अर्थातच पैसा. २०२२ पासून वाय कॉम्बिनेटर प्रत्येक कंपनीत ५ लाख डॉलर गुंतविते. त्यांपैकी १ लाख २५ हजार डॉलरांबद्दल ७ टक्के हिस्सा लगेच ठरतो, आणि उरलेल्या रकमेचा हिस्सा पुढील गुंतवणुकीच्या वेळी ठरतो. रुपयांत ही एकूण रक्कम चार कोटींहून अधिक होते. इकडे केंद्र शासनाने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजना सुरू केली. तीत इन्क्युबेटरमार्फत कल्पनेच्या पडताळणीसाठी २० लाखांपर्यंत अनुदान, आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोखे अशी तरतूद होती. अनुदान टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम पुरे झाल्यावर मिळावयाचे होते.

ह्या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे मात्र योग्य नाही. अनुदान परत करावयाचे नसते व त्यासाठी शासन हिस्साही घेत नाही. संस्थेच्या बाबतीत २०१९ च्या धोरणाने दिलेल्या साहाय्याच्या प्रमाणात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेण्याची मुभा ठेवली आहे. एखादी संस्था बसण्यास टेबल व भेटीस व्याख्याता देऊन ह्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ मागणी करू लागली, तर विद्यार्थी ७ टक्क्यांशी तिची तुलना करणार, आणि ती तुलना त्या संस्थेस जड जाणार.

दुसरी गोष्ट काळाची. महाविद्यालयाचे वर्ष सत्र, अंतर्गत गुण व परीक्षा यांनी बांधलेले असते. केंद्रातील कामासही नकळत तीच लय लागते, आणि परीक्षा आली की उद्योग थांबतो. उलट तीन महिन्यांच्या कार्यक्रमास शेवटचा दिवस ठरलेला असतो, व तोवर गिऱ्हाईक किती वाढले हे दर आठवड्यास विचारले जाते. सवलत देणारे धोरण कागदावर असले, तरी हजेरीच्या वहीपर्यंत ते पोचले नाही म्हणजे विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते नाहीच.

तिसरी गोष्ट सहवासाची. संगणकाची प्रणाली परगावच्या कंपन्यांना विकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास जळगावात किंवा धुळ्यात त्याच अडचणीतून गेलेले दहा जण सहजी भेटत नाहीत. जागतिक कार्यक्रमात ते एकाच तुकडीत बसलेले असतात, आणि त्यांतीलच काही त्याचे पहिले ग्राहकही होतात. सदनिका उभी करता येते, सहवास मात्र बांधून काढता येत नाही.

३. अर्जाची भाषा

चौथी गोष्ट सहसा चर्चेत येत नाही, ती भाषेची. वाय कॉम्बिनेटरच्या अर्जात कंपनी काय करते हे इंग्रजीत ५० अक्षरचिन्हांच्या आत सांगावयाचे असते. संस्थापकांचे एक मिनिटाचे चित्रमुद्रण द्यावे लागते, आणि पुढे मुलाखत होते ती दहा मिनिटांची. शासकीय योजनेस दिलेल्या प्रस्तावात प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, अपेक्षित फलनिष्पत्ती व अंदाजपत्रक अशी प्रकरणे लागतात. दोन्ही ठिकाणी भाषा कृत्रिमच असते. परंतु पहिली काय विकले जाते हे विचारते, तर दुसरी काय योजिले आहे हे विचारते. विद्यार्थी-उद्योजकास पहिला प्रश्न जवळचा वाटतो, हे समजण्यासारखे आहे.

तथापि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी खानदेशातील विद्यार्थ्यास दोन उंबरे ओलांडावे लागतात. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी, आणि अर्जात अमेरिकन बाजाराची इंग्रजी. बापाशी केळीच्या भावाविषयी एका वाक्यात नेमके बोलणारा मुलगा त्याच गोष्टीवर इंग्रजीत बोलू लागला की मोठमोठ्या सामान्य शब्दांच्या मागे दडतो. अडचण ज्ञानाची नसून भाषांतराची असते. ज्याच्या घरी इंग्रजी आहे तो ह्या चाळणीतून सहज पार पडतो. म्हणजे 'जगात कोणालाही खुला' असे म्हटलेला कार्यक्रमही सर्वांना सारखा खुला नसतो. येथे विद्यापीठाच्या भाषाविभागांना करता येण्याजोगे काम आहे. स्वबोलीत स्पष्ट सांगितलेली गोष्ट तितक्याच स्पष्टपणे थोडक्या इंग्रजीत मांडण्याचा सराव कोणत्याही यंत्रसामग्रीवाचून देता येतो.

४. मागाहून द्यावी लागणारी किंमत

आतापर्यंतचा हिशेब बहुतांशी परदेशी कार्यक्रमाच्या बाजूने गेला. त्याची दुसरी बाजू कंपनीच्या नोंदणीत आहे. वाय कॉम्बिनेटर भारतात नोंदलेल्या कंपनीत सामान्यतः थेट गुंतवणूक करीत नाही. अमेरिका किंवा सिंगापूर अशा मोजक्या ठिकाणी वरची कंपनी काढून भारतीय कंपनी तिच्या मालकीची करावी लागते. तसे झाले की येथील काही दारे बंद होतात. उदाहरणार्थ, वर सांगितलेल्या बीजनिधी योजनेत अर्जाच्या वेळी भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान ५१ टक्के असण्याची अट होती. परदेशी कंपनीच्या मालकीत गेलेला उद्योग ती पुरी करू शकत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. घरचे अनुदान घेऊन मग बाहेर जाता येते, पण उलट क्रमाने येणे कठीण.

परतीची वाट महागही पडते. खानदेशच्या उत्तरेस सातपुड्यापलीकडे खरगोन जिल्हा आहे. तेथील एका खेड्यातून आलेले ललित केशरे हे 'ग्रो' ह्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत. २०१८ मध्ये ही कंपनी वाय कॉम्बिनेटरच्या तुकडीत होती, व तिची मुख्य नोंदणी अमेरिकेत होती. २०२४ मध्ये ती नोंदणी भारतात परत आणताना कंपनीस सुमारे १,३४० कोटी रुपयांचा कर एकदम भरावा लागला. कंपनी मोठी झाली म्हणून तिला तो भरता आला. येथे उदाहरण यशाचे आहे, तरीही सहीच्या वेळी लहान वाटणाऱ्या निर्णयाचा भार पुढे किती वाढतो, हे त्यावरून दिसते.

५. खानदेशचा पूर्वानुभव

इन्क्युबेटर हा शब्द येण्यापूर्वीही ह्या प्रदेशात उद्योग उबले होते. १९४५ मध्ये अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तीच पुढे 'विप्रो' ह्या नावाने संगणकक्षेत्रात जगभर ओळखली गेली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनामुळे स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून अझीम प्रेमजी परतले व त्यांनी ती हाती घेतली. ह्या कंपनीचे भाग अमळनेरच्या अनेक सामान्य कुटुंबांनी घेतले व पिढ्यान्‌पिढ्या जपले. कंपनीचे मुख्य कार्यालय दूर गेले, पण तिच्या वाढीचा वाटा गावात राहिला. आजचा नवोद्योग अमेरिकेत नोंदला गेला, तर त्याच्या भागांत अमळनेरच्या दुकानदारास किंवा शिक्षकास स्थान मिळण्याचा संभव जवळजवळ नाही. प्रदेशाचे खरे नुकसान होत असेल तर ते येथे होते. मुलगा परगावी गेल्याने तेवढे होत नाही.

दुसरे उदाहरण भवरलाल जैन यांचे. जामनेर तालुक्यातील वाकोदच्या ह्या गृहस्थांनी १९६३ मध्ये ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून आरंभ केला. १९७८ मध्ये त्यांनी जळगावातील केळीची भुकटी करणारा कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात केली, व ते परदेशी पाठविले. पुढे नळ्या, ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळी असा विस्तार झाला. बाजार जगाचा होता, परंतु माल, प्रयोगाची शेते व पहिले गिऱ्हाईक येथलेच होते.

ह्यावरून काळाचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रीतीने पुढे येतो. ऊतिसंवर्धित रोपांची केळी घड उतरेपर्यंत सुमारे ११ ते १२ महिने घेते. समजा, एका विद्यार्थ्याने केळीच्या खोडापासून धागा काढण्याचे यंत्र किंवा बागेतील रोग ओळखण्याचे साधन योजिले. तीन महिन्यांच्या कार्यक्रमात त्यास एकही हंगाम पुरा पाहता येणार नाही. त्याला वेग नको आहे, ऊबच हवी आहे. रावेर-यावलच्या बागा, जळगावचे केळी संशोधन केंद्र, धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि साधनांचा वर्षभर वापर करून दोष सांगणारा शेतकरी, हे सर्व कॅलिफोर्नियात मिळत नाही. अशा उद्योगास परिसरातील केंद्र हीच योग्य जागा होय.

६. समारोप

तेव्हा निवडीची कसोटी संस्थेच्या प्रतिष्ठेत शोधू नये, ती पहिल्या गिऱ्हाइकात शोधावी. ज्याचे पहिले गिऱ्हाईक दूरच्या शहरात पडद्यासमोर बसलेले आहे, त्याने जागतिक कार्यक्रमाकडे जाणे स्वाभाविक आहे. मात्र येथली अनुदाने आधी घेऊन आणि नोंदणीचा करार वकिलाकडून नीट वाचून घेऊनच त्याने जावे. ज्याचे पहिले गिऱ्हाईक बांधावर, डाळमिलमध्ये किंवा मिरचीच्या बाजारात आहे, त्याने अंडे अर्धवट उबलेले असताना उचलू नये.

परिसरातील केंद्रांनीही परदेशी कार्यक्रमांची नक्कल करून त्यांच्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. हिस्सा मागण्यापूर्वी आपण काय दिले हे त्यांनी मोजावे, सत्र सोडण्याची सवलत हजेरीच्या वहीत उतरवावी, आणि बटेव्हियाच्या भाडेकरूंना मिळाले होते ते, म्हणजे जागा, शेजार व वेळेवर दिलेला सल्ला, आपल्या विद्यार्थ्यास मिळतो की नाही ते पाहावे. कोंबडी अंड्यावर किती दिवस बसली, ह्यापेक्षा अंड्यास ऊब मिळाली की नाही, हाच शेवटी प्रश्न असतो.