तर्काची सवय आणि नागसेनवन

बुद्धी जन्मतः मिळते आणि आयुष्यभर तेवढीच राहते, हा समज दृढ आहे. परंतु रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात केलेल्या पाहणीने त्याला धक्का दिला. बर्फाळ उत्तरेतील सर्व अस्वले पांढरी असतात आणि अमुक ठिकाण उत्तरेत आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची, असे विचारल्यावर निरक्षर शेतकरी ती पाहिलेली नसल्याचे सांगत, तर थोडेफार शिकलेले प्रौढ दिलेल्या विधानांवरूनच उत्तर काढत. निरक्षरांचे उत्तर मंदबुद्धीचे मुळीच नव्हते, ते अनुभवाशी प्रामाणिक होते. शाळेने दिली ती निगमनाची, म्हणजे गृहीत विधानांवरून निष्कर्षाकडे जाण्याची सवय.

मराठवाड्यात शाळेतून ही सवय लागण्याची संधी फार थोड्यांना मिळाली, कारण निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि दलित मुलांना तर शाळेचा उंबरठाही परका होता. अशा प्रदेशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभारले. भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव ‘नागसेनवन’ या परिसराला मिळाले, ही निवड फार मोलाची वाटते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक येथील विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले, पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी संपादिलेल्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून घरातील पहिलेच शिकलेले अनेक तरुण कविता व समीक्षा लिहू लागले.