बहारामागून बहार : महाराष्ट्रातील प्रकल्प कंपन्यांचा मागोवा

शेंदूरजनाघाट-वरूड परिसरात संत्र्याचा उभा बहार व्यापाऱ्याला विकला जातो तेव्हा तो सौदा त्या एका बहारापुरताच असतो. तोड होऊन हिशेब मिटला की पुढच्या बहाराचा भाव नव्याने ठरवावा लागतो. प्रकल्पाधारित कंपन्यांचा व्यवहार याच जातीचा आहे. एकच वस्तू वर्षानुवर्षे बनवणाऱ्या कारखान्यासारखे त्यांना बांधील गिऱ्हाईक नसते. पूल, बोगदा, धरण असे एकेक काम निविदेतून, म्हणजे दरांच्या चढाओढीतून, मिळवावे लागते आणि ते पुरे होताच हाताशी असलेल्या माणसांना व यंत्रांना दुसरे काम शोधावे लागते. अशा कंपन्या दीर्घकाळ टिकल्या त्या कशाच्या बळावर, हे पाहण्यास महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून बार्शी लाईट रेल्वेसारखी कामे घेतली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली आणि भोर घाटातील बोगदे, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल अशी कामे या उद्योगसमूहाने केली. मोठ्या बांधकामांवर ब्रिटिश कंत्राटदारांची पकड असतानाचा हा काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामांचे मोल कळते.

लार्सन अँड टुब्रोची घडण मात्र संकटातून झाली. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी १९३८ मध्ये मुंबईत भागीदारी केली, ती डेन्मार्कमधील दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकण्यासाठी. १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापले आणि माल येणे थांबले, तेव्हा त्यांनी छोटी कार्यशाळा काढून यंत्रे स्वतः बनवण्यास आणि जहाजांची दुरुस्ती करण्यास आरंभ केला. टाटांचा सोडा अ‍ॅशचा कारखाना उभारण्यासाठी आलेले जर्मन अभियंते युद्धामुळे स्थानबद्ध झाले आणि उभारणीचे ते काम या भागीदारांकडे आले. आयात करणाऱ्या पेढीची प्रकल्प उभारणारी कंपनी झाली ती अशी. १९४४ मध्ये बांधकामाची स्वतंत्र कंपनी निघाली आणि ७ फेब्रुवारी १९४६ रोजी मूळ भागीदारीचे रूपांतर मर्यादित कंपनीत झाले.

जागतिकीकरणानंतर दोन्ही कंपन्यांच्या वाटा बदलल्या. वांद्रे-वरळी सागरी सेतूचे काम हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनकडे होते, ५.६ किलोमीटरच्या या पुलाच्या केबल चीनमधून आल्या, आराखडे बदलले, मुदत लांबत गेली आणि ३० जून २००९ रोजी पूल खुला झाला. कौशल्याच्या दृष्टीने ही मोठीच कामगिरी होती. त्याच सुमारास समूहाने लवासा या नव्या शहरात भांडवल गुंतवले; नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि २०१८ मध्ये लवासा कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दुसऱ्याचे काम करून देण्यात मुरलेल्या कंपनीने स्वतःचा पैसा जमिनीत अडकवणे हा सर्वस्वी वेगळा धंदा आहे, हे या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

लार्सन अँड टुब्रोने याच्या उलट पाऊल टाकले. सिमेंटचा व्यवसाय २००४ मध्ये, तर विद्युत-स्वयंचलनाचा व्यवसाय २०२० मध्ये दुसऱ्यांकडे सोपवून तिने आपले बळ अवघड कामांकडे वळवले. फ्रान्समधील इटर या आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्पाचे क्रायोस्टॅट, म्हणजे अतिशीत तापमान राखणारे निर्वात पोलादी पात्र, तिने घडवले. सुमारे ३० मीटर उंच, तितकेच रुंद आणि ३,८५० टन वजनाचे हे पात्र अखंड नेणे अशक्य होते. म्हणून हजिरा येथे त्याचे भाग तयार करून जहाजाने पाठवण्यात आले आणि प्रकल्पस्थळी उभारलेल्या कार्यशाळेत ते वितळजोड देऊन सांधण्यात आले. असे काम केवळ कमी दराने मिळत नाही; पूर्वीच्या कामांची नोंद आणि वेल्डरच्या हातातील अचूकता या दोन्ही गोष्टी तेथे पारखल्या जातात.

स्पर्धकालाच भागीदार करून घेणे ही अलीकडची आणखी एक रीत आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचा पहिला टप्पा लार्सन अँड टुब्रोने जपानच्या आयएचआय या कंपनीसह संयुक्तपणे बांधला.