फटका बसला तरी श्वास सुटू नये

जपानमधील ओकिनावा बेटावर चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांनी घडवलेल्या गोजू-र्‍यू कराटेत 'सांचिन' नावाचा काता आहे. पाहणाऱ्याला तो नीरसच वाटावा. त्यात ना उड्या, ना झेपा. पावले मोजकी, हालचाली संथ. विद्यार्थी अंग आवळून उभा असताना गुरू त्याच्या खांद्यांवर, मांड्यांवर जोरदार थापा मारतात. परीक्षा स्नायूंइतकीच श्वासाचीही असते. थाप बसताच श्वास अडकला, तर पवित्राही ढासळतो.

नोकरीच्या मुलाखतीपूर्वी उडणारी धांदल याहून फार निराळी नसते. भीतीने श्वास उथळ व जलद होतो, छाती धडधडू लागते. हृदयाचे ठोके नुसत्या इच्छेने कमी होत नाहीत. श्वास मात्र बराचसा आपल्या ताब्यात असतो. उच्छ्वास लांबवला की 'व्हेगस' या मज्जातंतूचा प्रभाव वाढून ठोके मंदावतात. म्हणूनच ४ अंक मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा आणि ६ अंक मोजत सावकाश सोडावा. असे दोन-तीन मिनिटे करावे.

सांचिनमधील जोरकस उच्छ्वास मात्र पुस्तकात पाहून करण्याजोगा नव्हे. अंग आवळून श्वास कोंडल्यास रक्तदाब एकदम चढतो. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे.