मागच्या चाकावरचं दुसरं स्प्रॉकेट

चेनच्या लॉकची पट्टी नखाएवढी असते. पक्कडीने दाबली की टिक् करून सुटते, आणि खाली गवत असेल तर शोधत बसावं लागतं. १९६४ साली आलेल्या होंडा ट्रेल ९० च्या मालकाला डोंगराच्या पायथ्याशी ही पट्टी काढावीच लागे. मागच्या चाकावर दोन स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकत्या, होती: लहान ती रस्त्यासाठी, ताटलीएवढं मोठं चढासाठी. मोठ्यावरून फिरायला चेन अपुरी पडे. मग सोबतचा तुकडा जोडायचा, चाक मागेपुढे सरकवून ताण जमवायचा आणि लॉक पुन्हा बसवायचं. पट्टीचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटं बसलं तर पट्टी वाटेत निसटण्याची भीती.

एवढा खटाटोप सुरू झाला तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहरातल्या एका दुकानात.

१९६० च्या सुमारास अमेरिकन होंडाचे जॅक मॅकॉर्मॅक विक्रीचे आकडे पाहत होते. लॉस एंजेलिसचे सहा विक्रेते मिळून जेवढ्या ‘होंडा ५०’ विकत, त्याहून जास्त एकटे बॉइसीचे हर्ब उल विकत होते. गुपित साधं होतं. उल गाडीच्या मागच्या चाकावर मोठं स्प्रॉकेट बसवत, जाड खाचांचे टायर चढवत आणि ती डोंगरवाटांची गाडी म्हणून विकत.

‘होंडा ५०’ म्हणजे मूळची सुपर कब, १९५८ ची. ४९ सीसीचं इंजिन, तीन गिअर. जपानी शहरांत जेवणाचे डबे पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हाताने चालवता यावी म्हणून तिला क्लचचा दांडाच नव्हता. हिरो होंडाने १९९७ मध्ये आपल्याकडे आणलेली ‘स्ट्रीट’ ज्यांनी चालवली, त्यांना हे ठाऊक आहे: डावा हात मोकळा, गिअर पायाने. उल यांनी नेमकं हेच हेरलं. शहरातल्या पोऱ्यासाठी केलेली ही सोय दगडगोट्यांत अडखळणाऱ्या नवख्या चालकाच्या कामी आली. चढावर क्लच सोडताना गाडी बंद पडण्याची धास्तीच उरली नाही. त्यांच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

स्प्रॉकेटचं गणित शाळकरी आहे. समजा पुढे १५ दाते आणि मागे ४५, तर इंजिनाकडच्या चकतीचे तीन फेरे झाले की चाक एकदा फिरतं. मागे ६० दाते लावले की चार फेरे लागतात. वेग पाव हिश्शाने घटतो, चाकावरचा जोर एकतृतीयांशाने वाढतो. माणूस चालेल त्या गतीने गाडी कुरकुर न करता चढते.

मॅकॉर्मॅक यांनी उल यांच्या पद्धतीची एक गाडी जपानला पाठवली. मार्च १९६१ पर्यंत ‘ट्रेल ५०’ विक्रीला तयार होती.

पण स्प्रॉकेटने चढ सोपा केला, उतार नव्हे. ब्रेक ड्रमचे, ओढा ओलांडून पाणी आत शिरलं की काही वेळ पकडतच नाहीत. तेव्हा इंजिनाच्या ओढीवरच भिस्त. पुढचं सस्पेन्शन शहरी खड्ड्यांपुरतं होतं आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जाण्याऐवजी वर उचललं जाई. सवय नसलेल्याला हे भलतंच घाबरवणारं. टेलिस्कोपिक फोर्क मिळायला १९६९ उजाडलं. पायांपुढचं आवरण काढून वजन घटवलं, तर चिखल थेट नडग्यांवर. रस्त्यावर परतताना मोठं स्प्रॉकेट तसंच ठेवलं तर इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी जागची हलल्यासारखी वाटत नाही.

चेन उघडण्याची कटकट होंडाने पुढे मिटवली. १९६० च्या दशकातच ट्रेल ९० च्या पुढच्या आवृत्तीला, ‘सीटी ९०’ ला, गिअरबॉक्सखाली छोटा खटका आला. तो फिरवला की सगळे गिअर हळू, पण जोरकस. २०२० मध्ये ‘सीटी १२५’ या नावाने ही गाडी परत आली तेव्हा तिला चार गिअर होते, तो खटका मात्र नव्हता. खड्या चढांचे हौशी मालक मग मागे जास्त दात्यांचं स्प्रॉकेट बसवतात. जुनी चेन पुरत नाही, आणि गॅरेजमध्ये पुन्हा पक्कड हातात येते.