छायाचित्रांसाठी डिस्क : कोणती घ्यावी, किती भरवसा ठेवावा?

कागदावरचे छायाचित्र हळूहळू म्हातारे होते. रंग पिवळट पडतो, कोपरे झिजतात, एखाद्या जागी डाग पडतो. तरीही त्यातले चेहरे ओळखू येतात. डिजिटल छायाचित्राचे तसे नसते. ते अखेरपर्यंत जसेच्या तसे दिसते आणि मग एके दिवशी उघडतच नाही. अनेक शाळांच्या कपाटांत २००५ च्या आसपास लिहिलेल्या सीडी आणि डीव्हीडी आहेत. त्यांत स्नेहसंमेलने, सहली, निवृत्त झालेले शिक्षक आणि आता न उरलेल्या इमारती आहेत. या डिस्क अजून वाचता येतात का, आणि नवी छायाचित्रे साठवायची तर कोणती डिस्क घ्यावी, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे डिस्कच्या रचनेत सापडतात.

डिस्कच्या पोटात काय असते?

गाण्यांची छापील सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात माहिती म्हणजे प्लॅस्टिकमध्ये साच्याने उठवलेले सूक्ष्म खड्डे असतात. घरी लिहिता येणारी सीडी-आर वेगळी. तिचे मानक १९९० साली ठरले. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची चकती, तिच्यावर सेंद्रिय रंगाचा अतिशय पातळ थर, त्यावर धातूचा परावर्तक थर आणि सर्वांत वर लाखेचे पातळ आवरण, अशी तिची रचना असते. लिहिताना लेसरच्या उष्णतेने रंगाच्या थरावर ठिपके ‘भाजले’ जातात. वाचताना कमी शक्तीचा लेसर फिरतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो, न भाजलेल्या जागेवरून जास्त. प्रकाशातील या चढउतारांतूनच ० आणि १ वाचले जातात.

म्हणजे आपले छायाचित्र खरे तर एका रंगात साठवलेले असते, आणि रंग म्हटला की तो उडण्याची शक्यता आलीच. ऊन, उष्णता आणि ओलावा हे त्याचे शत्रू. परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो. देवघरातील चांदीची भांडी जशी काळी पडतात, तशी ही चांदीही हवेतील गंधकयुक्त वायू आणि दमटपणा यांमुळे खराब होऊ शकते. सोन्याला हा त्रास नाही, म्हणून काही महागड्या डिस्कमध्ये सोन्याचा थर वापरला जाई.

सीडीमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे. माहितीचा थर चकतीच्या तळाशी नसतो, तो नाव लिहितो त्या बाजूस, लाखेच्या अगदी खाली असतो. त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूला पडलेल्या ओरखड्यापेक्षा वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव अधिक घातक ठरू शकते. डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून माहितीचा थर मधोमध ठेवलेला असतो. ब्ल्यू-रे डिस्कमध्ये तो वाचण्याच्या बाजूस, केवळ ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणून तिच्या पृष्ठभागावर कठीण संरक्षक लेप दिलेला असतो.

माप घेऊन पाहू

या तिन्ही डिस्कचा आकार सारखाच असतो. मग त्यांत मावणारी माहिती इतकी वेगळी का? लेसरची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा ठिपका लहान करता येतो आणि माहितीच्या ओळी जवळजवळ आखता येतात. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा आणि ब्ल्यू-रेचा ४०५ चा असतो. लगतच्या दोन ओळींतील अंतर अनुक्रमे १.६, ०.७४ आणि ०.३२ मायक्रोमीटर असते. त्यामुळे सीडीत ७०० एमबी, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि ब्ल्यू-रेमध्ये २५ जीबी माहिती मावते. एक छायाचित्र ४ एमबीचे धरले, तर सीडीत १७५, डीव्हीडीत ११७५ आणि ब्ल्यू-रेमध्ये सुमारे ६२५० छायाचित्रे बसतील.

ओळींतील हे अंतर वर्गात मोजता येते. एका पुठ्ठ्याला मधोमध लहान भोक पाडा. त्यातून लाल लेसर पॉइंटरचा किरण २० सेंटिमीटरवर उभ्या केलेल्या डिस्कच्या कडेजवळ काटकोनात सोडा. ओळींमुळे डिस्क विवर्तन जाळीचे काम करते आणि पुठ्ठ्यावर भोकाच्या दोन्ही बाजूंना ठिपके दिसतात. किरण ६५० नॅनोमीटरचा असेल, तर सीडीचा पहिला ठिपका भोकापासून सुमारे ९ सेंटिमीटरवर, तर डीव्हीडीचा सुमारे ३७ सेंटिमीटरवर पडतो. ब्ल्यू-रेचा पहिला ठिपका मात्र पडतच नाही, कारण तिच्या ओळींतील अंतर लाल प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी आहे. कोऱ्या डिस्कवरही लेखनासाठी खोबणी आधीच आखलेली असते, त्यामुळे हा प्रयोग कोऱ्या डिस्कनेही होतो. लेसरचा किरण, किंवा डिस्कवरून परतलेला किरणही, कोणाच्या डोळ्यांत जाणार नाही याची काळजी मात्र शिक्षकांनी घ्यावी.

बिघाड दिसत का नाही?

डिस्क तयार होते तेव्हाच तिच्यात लहानसहान दोष असतात. धूळ आणि ओरखडे नंतर त्यांत भर घालतात. तरीही ती वाचता येते, याचे श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या संकेतपद्धतीला जाते. मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे लिहायचे आणि त्यांच्या मदतीने हरवलेले आकडे पुन्हा काढायचे, ही तिच्यामागची कल्पना. माहितीचे तुकडे डिस्कवर विखरून लिहिलेले असल्याने सीडीच्या ओळीतील सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग नाहीसा झाला, तरी तो पूर्ण भरून काढता येतो. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये, या सूचनेचे कारण हेच. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक ओळीचा थोडा भाग खराब करतो. ओळीच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र एकाच ओळीचा मोठा भाग गिळतो.

मात्र या दुरुस्तीमुळेच आपण फसतो. रंग उडत जातो, चुका वाढत जातात, पण दुरुस्तीची क्षमता पुरी पडेपर्यंत छायाचित्र नव्यासारखेच दिसते. ती मर्यादा ओलांडली की फाइल एकदम वाचेनाशी होते. म्हणून ‘परवाच तर पाहिले होते, चांगले होते’ हा डिस्कच्या प्रकृतीचा पुरावा नव्हे.

शंभर वर्षांचा दावा

काही वेष्टनांवर ‘१०० वर्षे टिकते’ असे लिहिलेले असते. ज्या वस्तूचा जन्मच १९९० च्या आसपासचा, तिची शंभर वर्षे कोणी मोजली? डिस्क साधारण ६५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानात आणि मोठ्या आर्द्रतेत काही आठवडे ठेवतात. वेगवेगळ्या तापमानांना चुका किती वेगाने वाढतात ते मोजतात आणि त्या आलेखावरून नेहमीच्या तापमानाचे आयुष्य काढतात. डीव्हीडीसाठी या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक २००८ साली आले. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्याच नियमाचा हा उपयोग आहे. पद्धत शास्त्रीय आहे, पण तिच्यात एक गृहीत आहे : ८५ अंशांना जी क्रिया डिस्क बिघडवते, तीच २५ अंशांनाही बिघडवेल. शिवाय ‘नेहमीचे तापमान’ म्हणजे वातानुकूलित दालनाचे. मे महिन्यातील विदर्भातील खोली किंवा जुलैतील कोकणातील कपाट त्यात धरलेले नसते.

जतनासाठी ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली जाते. आपल्या पावसाळ्यात किनारपट्टीवर आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. दमट उष्ण हवेत डिस्कवर बुरशी वाढू शकते, ही कल्पना नव्हे. मध्य अमेरिकेतील बेलीझमधील एका सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचे माद्रिदच्या संशोधकांनी २००१ साली दाखवले होते.

मग निवड कशी करावी?

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या, म्हणजे आरडब्ल्यू प्रकारच्या डिस्क जतनासाठी घेऊ नयेत. त्यांतील मिश्रधातूचा थर स्फटिकी आणि अस्फटिकी अशा दोन अवस्थांत बदलत राहावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि त्यावरची माहिती चुकून पुसलीही जाऊ शकते.

सीडी-आरमध्ये सायनाइन, अ‍ॅझो आणि थॅलोसायनिन असे रंग वापरले गेले. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने उष्णता, आर्द्रता आणि प्रकाश यांत डिस्क ठेवून केलेली तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत थॅलोसायनिन रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेली सीडी-आर सर्वांत टिकाऊ ठरली.

आज घ्यायचीच असेल, तर सेंद्रिय रंगाऐवजी अकार्बनी थर असलेली डिस्क बरी. एम-डिस्क या प्रकारात असा थर असतो. उडून जाणारा रंगच नसल्याने ती प्रकाशाला दाद देत नाही. तिची डीव्हीडी लिहायला मात्र त्यासाठी योग्य असलेला ड्राइव्ह लागतो. साध्या एकदाच लिहायच्या ब्ल्यू-रे डिस्कमध्येही बहुधा अकार्बनी थर असतो. वेष्टनावर ‘एलटीएच’ असे लिहिले असेल, तर मात्र ती सेंद्रिय रंगाची समजावी आणि टाळावी. केवळ नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल विकला जातो.

लिहिताना ड्राइव्हला आणि डिस्कला मानवेल असा मध्यम वेग ठेवावा. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय वापरावा. नाव लिहायचे तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मऊ पेनने लिहावे. कागदी लेबल चिकटवू नये. डिस्क कडक डबीत, उभी, अंधाऱ्या आणि कोरड्या कपाटात ठेवावी.

डिस्क टिकली, पण वाचायची कशात?

इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-पाहणीचे ‘डूम्सडे बुक’ चर्मपत्रावर आहे आणि ते आजही वाचता येते. त्याच्या नऊशेव्या वर्षानिमित्त बीबीसीने १९८६ साली लोकांकडून माहिती आणि छायाचित्रे जमवून ती लेसर डिस्कवर साठवली. पंधराएक वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि माहिती वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. आपल्या डिस्कही त्याच वाटेवर आहेत. पॅनासोनिकने २०२३ साली आणि सोनीने २०२५ साली लिहिता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा ड्राइव्ह क्वचितच असतो. हजार वर्षांचा दावा करणारी एम-डिस्क ज्या कंपनीने आणली, ती स्वतः २०१६ साली बुडाली.

म्हणून डिस्क ही एक प्रत मानावी, एकमेव प्रत नव्हे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. शाळेसाठी याचा अर्थ असा की एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक चांगल्या डिस्कवर मुख्याध्यापकांच्या घरी किंवा दुसऱ्या शाळेत. डिस्कचा उपयोग असा की विषाणूने किंवा चुकीच्या बटणाने तिच्यावरचे काही पुसले जात नाही.

विद्यार्थ्यांना सोपवण्याजोगे एक काम आहे. प्रत्येक फाइलची ‘चेकसम’ ही खूणसंख्या संगणक काढून देतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी ती बदलते. या संख्यांची यादी डिस्कवर आणि कागदावरही ठेवावी, आणि दर वर्षी जूनमध्ये डिस्क वाचून ताळा करावा. तीन स्वस्त डिस्कवर एकच मजकूर लिहून एक खिडकीत उन्हात, एक दमट खोलीत आणि एक कोरड्या कपाटात ठेवली, तर हाच ताळा प्रकल्पाचा विषय होईल.

त्याआधी मात्र कपाटातील जुन्या डिस्क याच सुट्टीत उतरवून घ्याव्यात. एका ड्राइव्हने वाचली नाही, तर दुसऱ्यात घालून पाहावी. ड्राइव्हनुसार वाचनक्षमता बदलते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते.